गर्जेल तो पडेल काय?
आत्मघाताच्या पूर्वखुणा व मंडळीचे कर्तव्य यांविषयी एक पाठ

काही वर्षांमागे भाताची झोडणी आटोपून खळी रिकामी झाली होती, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. मुळशीच्या जलाशयापलीकडील एका वाडीतील गृहस्थ दिवेलागणीस माझ्या दारी आला. त्याच्या हाती गीतांचे एक जुने पुस्तक होते. ते त्याने इतक्या वर्षांपूर्वी नेले होते की, मला त्याचे स्मरणही उरले नव्हते. "गुरुजी, कोणाचे काही आपल्याकडे राहू नये," एवढेच तो बोलला. मला त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले व ते मी त्यास बोलूनही दाखविले. चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. पायरी उतरताना तो थांबला आणि म्हणाला, "माझ्या पोरावर नजर असू द्या." मी म्हटले, "असेल हो, काळजी कशाला करतोस?" आणि दार लावून घेतले. चौथ्या दिवशी वाडीहून निरोप आला की, त्याने आपल्याच हाताने आपला जीव दिला.

त्या मरणाविषयी याहून अधिक लिहिणे योग्य नाही. अशा मरणाचे वर्णन करण्यात कोणाचे हित नसते. उलट दुसऱ्या एखाद्या खचलेल्या मनास ते वर्णनच वाट दाखविते. परंतु त्याच्या आदल्या दोन महिन्यांचा हिशेब मी मागाहून मांडला, तो सांगणे अवश्य आहे. त्याने बैलजोडी विकली होती. उपासनेस येणे सोडले होते, आणि आम्ही आपसात म्हणत होतो की, कामाचे दिवस आहेत, येईल पुढे. तो पहाटे तीन वाजता उठून ओट्यावर बसून राहतो, असे त्याच्या बहिणीने एकदा सांगितले होते. घरी आजारपण होते, सोसायटीचे कर्ज होते, भावकीत जमिनीचा तंटा होता. यांपैकी अमुक एका कारणाने तो गेला असे कोणासही म्हणता येणार नाही. आम्हा पाचसात माणसांपैकी प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता. ते तुकडे कोणी एकत्र आणले नाहीत, आणि त्याला स्वतःला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

ही एकाच वाडीची गोष्ट नव्हे. सरकारच्या गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील होती. दुसऱ्या कोणत्याही राज्याचा आकडा एवढा मोठा नव्हता. शहरातील लोकांची अशी समजूत असते की, खेड्यातला माणूस केवळ कर्जापायी मरतो. त्या अहवालात देशभरच्या नोंदींत कौटुंबिक अडचणी पहिल्या, आजार दुसरा, आणि कर्ज त्यांच्या पुष्कळ खाली आहे. अर्थात कागदावर पोलिसाने एका ओळीत लिहिलेले कारण हे खरे कारण असतेच असे नाही. आमच्या तालुक्यात एके काळी धरणाखाली गावे गेली, आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. आमच्या काळी हिंजवडीकडे व लवासाकडे जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि पुष्कळांनी विकली. पैसा आला, तंटे आले, काम गेले. ज्याचे सर्व बरे चालले आहे असे आपण समजतो, त्याच्या घरातही रात्र लांबच असू शकते.

आता ज्या म्हणीने आपण सर्व फसतो तिच्याकडे वळू. कोणी म्हणाला, "मी आता जगत नाही," की गावातील चार शहाणे म्हणतात, गर्जेल तो पडेल काय? जो बोलतो तो करीत नाही. ज्याला करावयाचे असते तो न बोलता करतो. ही समजूत साफ खोटी आहे. आत्मघात केलेल्यांपैकी पुष्कळांनी आधी कोणाला तरी, शब्दाने अथवा कृतीने, ते कळविलेले असते. आणि ज्याने पूर्वी एकदा तसा प्रयत्न केला आहे, त्याला पुढेही धोका इतरांपेक्षा अधिक असतो, हे तर जगभरचे वैद्य सांगतात. ताम्हिणीच्या घाटाजवळ राहणाऱ्या आम्हा लोकांस ही म्हण मुळातच शोभत नाही. आमच्याकडे ढग गर्जतोही आणि पडतोही.

तर मग खुणा कोणत्या? पुस्तकातील खुणा सांगण्याऐवजी त्या आपल्या वाडीत कशा दिसतात ते सांगतो. माणूस म्हणू लागतो, "माझे ओझे झाले आहे," "मी नसलो तर तुमचे बरे होईल," "आता पाहावयाचे काय राहिले?" म्हातारी माणसे असे नेहमीच बोलतात, म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो, तसे नेऊ नये. जो दर रविवारी ढोलकी घेऊन पुढे बसे तो मागे बसू लागतो, मग येईनासा होतो. जेवण कमी होते, झोप मोडते, दाढी वाढते, जनावरांकडे लक्ष राहत नाही. दारू नव्याने सुरू होते, किंवा होती ती वाढते. देणी फेडणे, घेतलेल्या वस्तू परत करणे, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकणे, मुलांना कोणाच्या तरी हवाली करण्याचे बोलणे, कारण नसता दूरच्या नातेवाइकांस भेटून येणे, ही सर्व निरवानिरव आहे. एखादी खूण एकटी दिसली तर तिचा अर्थ निराळा असू शकेल. कर्ज फेडणारा प्रत्येक मनुष्य मरणाच्या वाटेवर नसतो. पण दोनतीन खुणा एकत्र दिसल्या, आणि त्यांच्या मागे नुकतेच काही घडले असले, जसे की पीक बुडाले, परीक्षेचा निकाल लागला, घरचे माणूस गेले, अब्रूचा प्रश्न उभा राहिला, अथवा तो रुग्णालयातून नुकताच घरी आला, तर विलंब लावू नये.

आणखी एक खूण आहे, ती फार फसवी. महिनोन्महिने खिन्न असलेला माणूस एके दिवशी अकस्मात शांत व हसतमुख दिसू लागतो. घरचे म्हणतात, सुटलो बुवा! कधी कधी ते खरोखर बरे होणे असते. पण कधी कधी त्याने मनाशी निश्चय केलेला असतो, आणि झगडा संपल्याची ती शांती असते. माझ्या दारी आलेला गृहस्थ त्या सायंकाळी तसाच शांत होता.

बायांच्या बाबतीत दुःख बहुधा शरीराच्या भाषेत बोलते. डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, हातापायांस मुंग्या येतात, अंगात बळ नाही. वैद्य सुई टोचतो, सलाईन लावतो, देवऋषी अंगारा देतो. आणि नवऱ्याने काल काय केले, हे कोणी विचारीत नाही. पौडाकडील एका गावी एका तरुण सुनेची अशीच तक्रार दोन महिने चालली होती. तेथील उपदेशकाच्या पत्नी गिरणीवर दळणासाठी तिच्याशेजारी बसल्या असता त्यांनी पाहिले की, पीठ सांडत आहे आणि तिचे लक्ष नाही. त्यांनी तिला घरी नेले, दार लोटले, आणि हळूच विचारले, "बाई गं, तुला जगू नये असे वाटते काय?" मुलगी पुष्कळ वेळ रडली, मग तिने मान हलविली. त्या रात्री त्यांनी तिला आपल्याजवळच निजविले. सकाळी तिच्या आईस बोलावून, दोघींनी मिळून तिला पौडच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. ती आज आपली मुले शाळेस पाठवीत आहे.

त्यांनी केले ते एवढेच की, विचारले. येथे वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात एक भीती उभी राहील, ती माझ्याही मनात होती: आपण असे विचारले आणि मनात नव्हते ते आपणच घातले तर? या प्रश्नाचा शोध निरनिराळ्या देशांत घेण्यात आला आहे, आणि निष्कर्ष असा की, विचारल्याने ती कल्पना मनात पेरली जात नाही. ज्याच्या मनात ती नाही तो "छे, छे" म्हणेल. ज्याच्या मनात आहे त्याला, जी गोष्ट तो एकटा वाहत होता ती दुसऱ्याने नाव घेऊन उच्चारली, याचाच प्रथम दिलासा मिळतो. पण विचारावे ते एकांतात, बसून, वेळ काढून. मोटार सुटावयाच्या घाईत नव्हे. आडून विचारू नये. "तू काही वेडेवाकडे तर करणार नाहीस ना?" असे विचारणारा "नाही" हेच उत्तर मागत असतो, आणि तेच त्याला मिळते. असे म्हणावे: "दादा, तुम्ही हल्ली फार थकलेले दिसता. इतका त्रास झाला म्हणजे कोणाकोणास मरून जावे असे वाटते. तुमच्याही मनात तसे येते काय?" आणि मग गप्प राहावे. हे गप्प राहणे आम्हा उपदेश करणाऱ्यांस सर्वांत कठीण जाते.

"होय" असे उत्तर आले तर दचकू नये, रागावू नये. कसे व केव्हा करावयाचे हे ठरविले आहे काय, साधन जवळ आहे काय, हेही शांतपणे विचारावे. तसे असेल तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, साधन दूर करावे, आणि कोणास तरी सोबतीस बोलावून त्याच दिवशी रुग्णालयाची वाट धरावी. "कोणाला सांगणार नाही," असे वचन कधी देऊ नये. "जेवढ्यांस सांगणे अवश्य तेवढ्यांसच सांगेन," असे म्हणावे, आणि ते पाळावे. पाण्याच्या टाकीवर ती गोष्ट गेली तर पुढच्या वेळी तो माणूस तोंड उघडणार नाही.

"तुझा विश्वास कमी पडला," "मुलांचा तरी विचार कर," "तुझ्याहून दुःखी लोक जगात आहेत," अशी वाक्ये आमच्या जिभेवर तयार असतात. मुलांचा विचार त्याने शंभर वेळा केलेला असतो. मी नसलो तर त्यांचे बरे होईल, हीच तर त्याची आजारी समजूत असते. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांनी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय पुन्हा वाचावा. एलीयासारखा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि त्या ठिकाणी त्याला कोणी दोष देत नाही. त्याला झोपू दिले जाते, भाकर व पाणी दिले जाते, पुन्हा झोपू दिले जाते, पुन्हा खाऊ घातले जाते. बोलणे पुष्कळ मागून होते. प्रार्थना अवश्य करावी, त्याची इच्छा असेल तर त्याच्याबरोबर करावी. पण ती रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते.

कोणी म्हणेल, हे डॉक्टरांचे काम आहे, आम्ही अडाणी माणसे काय करणार? इंग्लंडात चॅड वारा नावाचे एक पाळक होऊन गेले. १९३५ साली, पाळकपणाच्या आरंभीच, त्यांना एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. वयात येताना शरीरात होणाऱ्या स्वाभाविक बदलास तिने घोर रोग समजले होते, विचारावयास कोणी नव्हते, आणि तिने आपला जीव दिला. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे १९५३ साली लंडनच्या एका देवळात त्यांनी अशा लोकांसाठी दूरध्वनी व भेटीची सोय केली. येणाऱ्यांची रांग लागे. त्यांना चहा देण्यासाठी व सोबतीसाठी काही साधी माणसे बसत. काही दिवसांतच असे दिसून आले की, पुष्कळांचे मन त्या चहा देणाऱ्यांपाशी बोलूनच हलके होते, आणि आत पाळकांकडे जाण्याची गरजच उरत नाही. त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली.

दूर जावयास नको. पुण्यात 'कनेक्टिंग' ही संस्था २००५ पासून हेच ऐकण्याचे काम शिकविलेल्या स्वयंसेवकांकडून करीत आली आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ भागात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम चालला. तो चालविणारे केंद्र पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे. त्यात गावातीलच स्त्रीपुरुषांस कष्टी मनुष्य ओळखणे, त्याचे ऐकून घेणे व त्यास योग्य ठिकाणी पोहोचविणे एवढे शिकविले होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतही 'विश्राम' या नावाने गावच्या कार्यकर्त्यांकरवी असेच काम झाले. आरंभी तेथे विचारणा केली तेव्हा वर्षभरात मरणाचे विचार आलेले लोक शेकडा ५.२ होते, कामानंतरच्या विचारणेत ते २.५ झाले. हा फरक केवळ त्याच कामामुळे पडला असे शपथेवर कोणी म्हणणार नाही. परंतु पूर्वी खिन्नतेच्या शंभर आजाऱ्यांपैकी जेमतेम चार मदतीपर्यंत पोहोचत, ते सत्तावीस पोहोचू लागले, हे तर त्यांच्या पायांनीच सिद्ध केले.

आता औषधाच्या बाटलीविषयी. भातावर फवारावयाचे औषध आपण कोठे ठेवतो? माळ्यावर, पलंगाखाली, चुलीमागच्या कोनाड्यात. मरणाची उर्मी कित्येकदा घटकाभराचीच असते. भांडण झाले, डोके फिरले, आणि हाताशी जे होते ते घेतले. ती घटका टळली तर पुष्कळ माणसे पुढे आयुष्यभर जगतात. "एक बाटली लपविली तर दुसरी आणील," असे म्हणतात. अनुभव तसा नाही. श्रीलंकेत अत्यंत जहाल शेतीविषांवर एकामागून एक बंदी घालण्यात आली, आणि १९९५ च्या सुमारास शिखरास पोहोचलेले आत्मघातांचे प्रमाण पुढील वीस वर्षांत सुमारे शेकडा ७० ने उतरले. तमिळनाडूतील काही गावांत सर्वांची औषधे वस्तीबाहेर एका जागी, कुलपाच्या पेट्यांत ठेवून पाहिले आहे. आपल्या वाडीतही चार घरांनी मिळून एक लोखंडी पेटी घेणे अशक्य नाही. निदान गरजेपुरतेच आणावे, उरलेले घरात ठेवू नये, आणि ज्या घरी कोणी खचलेला आहे त्या घरातील बाटली आजच शेजाऱ्याने आपल्याकडे कुलपात न्यावी. आणि कोणी विष घेतलेच तर मिठाचे पाणी किंवा ताक पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, त्याने अपाय वाढतो. १०८ ला फोन करून, किंवा मिळेल त्या वाहनाने, तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येईल. "मला काही होत नाही," असे तो म्हणाला तरी न्यावे.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरांत हा प्रसंग झाकला जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची! १८६० च्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार समजत असे, म्हणून ती भीती पूर्वी खोटी नव्हती. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे ठरविले की, असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता हेच गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. रुग्णालयात नोंद होईल, विचारपूस होईल. तेवढ्यासाठी उपचार लांबवू नयेत.

आणि जेव्हा सर्व करूनही, किंवा काहीच न केल्यामुळे, एखादा जातो तेव्हा मंडळीने कसे वागावे? आमच्याकडे अशा मनुष्यास मूठमाती देताना लोक कुजबुजतात, काही तर येतच नाहीत, आणि त्याच्या विधवेला तिने काय केले असेल या नजरेने पाहतात. शिक्षा भोगतात ती मागे राहिलेली माणसे, आणि त्यांच्यातच पुढचा धोका वाढत असतो. त्यांच्या घरी जावे, भाकरी न्यावी, गेलेल्याचे नाव मोकळेपणाने घ्यावे, आणि महिन्याने, वर्षाने, त्या तारखेस पुन्हा जावे. माझ्या त्या गृहस्थाचा मुलगा आता पिरंगुटला एका कारखान्यात आहे. मी दर वर्षी झोडणीनंतर त्याच्याकडे जातो. पहिली दोन वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. मी ओट्यावर बसून परत येई. तिसऱ्या वर्षी त्याने विचारले, "गुरुजी, बाबा त्या दिवशी तुमच्याकडे काय बोलले?" मी त्याला सर्व सांगितले, मी काय विचारले नाही तेही सांगितले.

हा पाठ वाचून झाल्यावर मंडळीने आपसात काही गोष्टी विचाराव्यात. गेल्या महिन्यात येईनासे झालेले कोण, आणि त्यांच्या घरी कोण गेले? आपल्या वाडीत औषधे कोठे ठेवली जातात? रात्री कोणाला नेण्याचा प्रसंग आला तर गाडी कोणाची? सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' नावाची सोय सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतून बोलता येते; ज्याला त्रास आहे त्यालाही, आणि त्याच्यासाठी काय करावे हे न सुचणाऱ्या शेजाऱ्यालाही. हा क्रमांक देवळाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. खडूने लिहू नये, रंगाने लिहावा. खडूचा आमच्याकडे पहिल्याच पावसात पुसला गेला.